प्रशांतला अंगठ्याखाली झाका

प्रश्न : मॅडम, मी घोडबंदर रोडला राहते आणि ऐरोलीला एका कंपनीत नोकरी करते. शाळा मराठी माध्यमाची, पण मेल रोज इंग्रजीतच लिहावे लागतात. मागच्या आठवड्यात क्लायंटला लिहिलं, ‘प्लीज शेअर द फाईल विथ प्रशांत अँड मी.’ प्रशांत माझा सहकारी. आमच्या सीनिअरनी कॉल चालू असताना सगळ्यांदेखत सांगितलं, ‘प्रशांत अँड आय लिहा, एवढं बेसिक तरी यायला हवं.’ मी गप्प बसले. पूर्वी स्टेशनजवळच्या एका स्पोकन इंग्लिश क्लासला जायचे, तिथेही हेच शिकवलं होतं की दुसऱ्याचं नाव आलं की पुढे नेहमी ‘आय’ लावायचं, सभ्य दिसतं. घरी आले तर नववीतली मुलगी म्हणते, आई, तुझंच बरोबर होतं. तेव्हापासून दोन माणसं येतील असं वाक्यच मी टाळते. ‘अवर टीम’ लिहून मोकळी होते, नाहीतर ‘मायसेल्फ’ घालते. कुणाचं ऐकू? शिवाय सोसायटीच्या कमिटीला पार्किंगबद्दल पत्र द्यायचंय. त्यात ‘माय हजबंड अँड आयज पार्किंग’ असं लिहिलं तर चालेल का?
— गोंधळलेली, ठाणे

उत्तर : मुलीचं ऐका. तुमचा मेल बरोबर होता, सीनिअरनी केलेली दुरुस्ती चूक होती, आणि क्लासवाल्यांनी फी पूर्ण घेऊन नियम अर्धाच शिकवला.

पुढे जाण्याआधी एक व्यवस्था लावून घेऊ, नाहीतर या उत्तरातच घोळ होईल. इंग्रजीतला एम-ई हा शब्द देवनागरीत लिहिला की ‘मी’ असा दिसतो, आणि त्याचा अर्थ मात्र मला. आपला मी म्हणजे त्यांचा ‘आय’. तेव्हा अवतरणात ‘मी’ दिसला की तो इंग्रजी समजा, बिनअवतरणाचा मी आपला. मराठी शाळेतून आलेल्या मुलांना हा सारखा उच्चार सुरुवातीला चकवतोच. ‘मी गो टू स्कूल’ म्हणणारी पोरं मी वर्गात भरपूर पाहिली आहेत, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

आता तुमचा मेल घ्या. त्यातल्या ‘प्रशांत अँड’ या दोन शब्दांवर अंगठा ठेवा आणि उरलेलं वाक्य मोठ्याने वाचा. सीनिअरच्या दुरुस्तीप्रमाणे उरतं, ‘प्लीज शेअर द फाईल विथ आय.’ हे तुम्ही कधी लिहाल का? तुम्ही सोडा, तुमचे सीनिअर लिहितील का? ‘विथ मी’च लिहितील. मग प्रशांत शेजारी येऊन बसला म्हणून ‘मी’चा ‘आय’ कशाला व्हायला हवा? प्रशांत असो, प्रशांतचं अख्खं डिपार्टमेंट असो, तुमचं रूप तुमच्या वाक्यातल्या कामावर ठरतं. तुम्ही काही करत असाल, म्हणजे कर्ता असाल, तर ‘आय’. तुमच्यावर, तुमच्याकडे, तुमच्यासाठी, तुमच्याबरोबर काही होत असेल तर ‘मी’.

उलट बाजूचं वाक्यही करून बघा. ‘प्रशांत अँड मी विल जॉइन द कॉल.’ अंगठा ठेवा. ‘मी विल जॉइन द कॉल’ उरलं, म्हणजे इथे ‘आय’ हवा : ‘प्रशांत अँड आय विल जॉइन द कॉल.’ अंगठा ठेवताना फक्त सर्वनामाकडे बघायचं, क्रियापदाकडे नाही, एवढं ध्यानात ठेवा. ‘प्रशांत अँड आय आर रेडी’ मधून प्रशांत काढला की ‘आय आर’ उरतं आणि ते कानाला खटकतं. पण तो ‘आर’ दोघांचा आहे, त्याला हात लावायचा नाही.

क्लासचा नियम एवढा पक्का कसा बसला, ते सांगते, कारण तो तुमच्याच क्लासचा नाही. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्यांच्याही घरात तो असाच बसलेला आहे. लहान मूल ‘मी अँड जॉन वेंट’ म्हणतं, मोठी माणसं त्याला टोकतात, ‘जॉन अँड आय’ म्हण. दहा वेळा टोकलं की मुलाच्या डोक्यात एवढंच राहतं की ‘अँड मी’ म्हणजे चूक. मग जिथे ‘मी’ बरोबर असतो तिथूनही ते त्याला हाकलून देतं. इंग्रजीचे अभ्यासक याला अतिशुद्धी म्हणतात. त्यामुळे चांगल्या शिकलेल्या, सूटबूट घातलेल्या लोकांच्या तोंडी ही चूक जास्त सापडते. ज्याला शुद्ध बोलायची धास्तीच नाही, तो ती करत नाही.

क्लासने दोन वेगवेगळ्या गोष्टींचं एकच कडबोळं केलं. इंग्रजीत स्वतःचा उल्लेख शेवटी करतात, हा शिष्टाचार आहे. आपण सहज म्हणतो ‘मी आणि माझा भाऊ गेलो’, त्यात कुणाला उद्धटपणा वाटत नाही. इंग्रजीत आधी भाऊ, मग मी. हे झालं क्रमाचं. ‘आय’ की ‘मी’ हे व्याकरण झालं, त्याचा सभ्यतेशी काडीचा संबंध नाही. ‘विथ प्रशांत अँड मी’ यात तुम्ही प्रशांतला पुढे केलंत, स्वतः मागे राहिलात, इंग्रजी रीतीप्रमाणे सगळी सभ्यता पाळून झाली.

आता तुमच्या पत्रात नसलेली, पण मराठी माणसाला हमखास अडवणारी गोष्ट. मराठी माध्यमातली हुशार मुलं एक युक्ती काढतात : वाक्य मनात मराठीत म्हणायचं, मी आलं तर ‘आय’, मला आलं तर ‘मी’. ऐकायला छान वाटते आणि तुमच्या मेलपुरती चालतेही. ‘प्रशांतला आणि मला फाईल पाठवा’, मला आलं, म्हणून ‘मी’. मराठीत प्रत्यय दोघांनाही लागतो, प्रशांतलाही आणि मलाही, त्यामुळे आपला कान कधी फसत नाही. ‘प्रशांतला आणि मी पाठवा’ असं ठाण्यात तरी कुणी बोलताना ऐकलं नाही. इंग्रजीत प्रशांत कर्ता असला काय आणि नसला काय, दिसतो तसाच. बदलणारे शब्द मोजकेच : ‘आय-मी’, ‘ही-हिम’, ‘शी-हर’, ‘वुई-अस’, ‘दे-देम’ आणि ‘हू-हूम’. सगळी खूण तिथेच काय ती उरली आहे, म्हणून गोंधळही तिथेच होतो.

पण ही मराठीची युक्ती ऐनवेळी दगा देते. ‘प्रशांतला आणि मला वाटतं’ हे वाक्य घ्या. मला आहे, म्हणून ‘प्रशांत अँड मी थिंक’ लिहिलंत तर चूक. तिथे ‘प्रशांत अँड आय थिंक’ हवं. मराठीत वाटणं, आवडणं, माहीत असणं, भूक लागणं, कुठे जायचं असणं, हे सगळं मला होतं. इंग्रजीत या प्रत्येक ठिकाणी माणूस कर्ता होऊन बसतो. ‘आम्हाला पुण्याला जायचंय’ म्हणजे ‘वुई हॅव टू गो’. ‘माझ्याकडे वेळ आहे’ म्हणजे ‘आय हॅव टाइम’.

याच्या उलटही होतं. तुमच्या क्लायंटला वाटतंय की प्रशांतने आणि तुम्ही पुण्याला यावं. तुम्ही मनात म्हणता, ‘प्रशांतने आणि मी यावं’, मी आलं, म्हणून लिहिता, ‘द क्लायंट वॉन्ट्स प्रशांत अँड आय टू कम.’ चूक! इंग्रजीत ‘वॉन्ट्स मी टू कम’ असं आहे, म्हणून ‘वॉन्ट्स प्रशांत अँड मी टू कम’. आणि ‘साहेबांनी प्रशांतला आणि मला बोलावलं’ या एकाच वाक्याची इंग्रजीत दोन रूपं होतात. साहेबांना कर्ता केलं तर ‘द मॅनेजर कॉल्ड प्रशांत अँड मी’, साहेबांना गाळलं तर ‘प्रशांत अँड आय वेअर कॉल्ड’. मराठीत मला जागचा हलत नाही, इंग्रजीत तो बाजू बदलतो.

म्हणून मराठीवर तोलू नका, अंगठाच बरा. त्याची मेख अशी की एकट्या माणसाचं वाक्य तुम्हाला इंग्रजीतही बिनचूक येतं. ‘मी थिंक’ किंवा ‘कॉल्ड आय’ तुम्ही जन्मात लिहिणार नाही, रोज एवढे मेल लिहून तेवढा कान तयार झालेलाच आहे. दुसरं नाव शेजारी आलं की तो कान बावचळतो, एवढंच. नाव दूर केलं की ताळ्यावर येतो. याला वही नको, पाठांतर नको. तुमचा ठाणे-ऐरोली प्रवास म्हणजे मधे एक दिघा आलं की उतरायची तयारी, तेवढ्यात कुठला तक्ता पाठ होणार! पण तेवढ्या वेळात फोनवर आदल्या दिवशीचे तुमचेच पाठवलेले मेल उघडून दोन-तीन वाक्यांवर अंगठा ठेवून बघणं जमेल.

एका ठिकाणी अंगठा कामाचा नाही. ‘बिट्वीन’ला दोन माणसं लागतातच, ‘बिट्वीन यू अँड’ झाकलं तर काहीच उरत नाही, आणि नुसतं ‘यू’ झाकलं तर ‘बिट्वीन मी’ही विचित्र आणि ‘बिट्वीन आय’ही विचित्र. तिथे दोघांचं मिळून ‘आम्ही’ करून बघायचं. ‘बिट्वीन वुई’ म्हणाल की ‘बिट्वीन अस’? ‘अस’ बसतं, म्हणून ‘बिट्वीन यू अँड मी’. ‘वुई’ बसलं असतं तर ‘आय’. ही दुसरी चाचणी सगळीकडे चालते, मेल घाईचा असेल तर मी स्वतः हीच वापरते. ‘बिट्वीन यू अँड आय’ ही चूक इतकी पसरायचं आणखी एक कारण म्हणजे मधला ‘यू’. तो कर्ता असो-नसो, रूप बदलत नाही, त्यामुळे पुढे काय यायला हवं याची चाहूलच लागत नाही.

तुमचे सीनिअर इंटरनेटवर शोधाशोध करून शेक्सपिअर काढतील, म्हणून आधीच सांगून ठेवते. १६००मध्ये छापल्या गेलेल्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ नाटकात अँटोनिओच्या पत्रात ‘बिट्वीन यू अँड आय’ असंच आहे. खोटं नाही. तेव्हा इंग्रजीचे नियम आजच्याइतके आवळलेले नव्हते. ते काम पुढे १८व्या शतकात व्याकरणकारांनी केलं, १७६२मध्ये आलेलं रॉबर्ट लाउथचं व्याकरण त्यांतलंच. शेक्सपिअरचा दाखला देऊन नाटक लिहा, क्लायंटला मेल लिहू नका.

आणखी काही जागा भराभर सांगते. ‘फॉर’, ‘टू’, ‘फ्रॉम’, ‘विथ’, ‘एक्सेप्ट’, ‘लाईक’ यांच्यानंतर ‘मी’, ‘हिम’, ‘हर’, ‘अस’, ‘देम’, मग मधे कितीही नावं येवोत : ‘एव्हरीवन एक्सेप्ट प्रशांत अँड मी’. ‘लेट मी चेक’ म्हणतो, म्हणून ‘लेट प्रशांत अँड मी चेक’. दाराबाहेरून ‘कोण?’ विचारलं तर ‘इट्स मी’ म्हणा, ‘इट इज आय’ म्हटलंत तर दार उघडणारा घाबरेल. ‘मी अँड प्रशांत वेंट’ हे इंग्रजी माणसं गप्पांत सर्रास बोलतात, सिनेमांतही ऐकाल, पण ऑफिसच्या मेलमध्ये नको. ‘आयदर प्रशांत ऑर आय’ नंतर ‘इज’ की ‘ॲम’ हा प्रश्न पडेल. जवळच्या शब्दाप्रमाणे ‘ॲम’. वाक्य कुरूप होतं, मी असते तर ‘वन ऑफ अस विल बी देअर’ लिहून सुटले असते.

आता ‘मायसेल्फ’. ‘आय’ घातलं तर मुलगी हसते, ‘मी’ घातलं तर साहेब ओरडतात, धरलं तर चावतं सोडलं तर पळतं, म्हणून तुम्ही तिसरंच उचललंत. भारतातल्या निम्म्या ऑफिसांत ‘फॉर एनी क्वेरी, कॉन्टॅक्ट प्रशांत ऑर मायसेल्फ’ याच भीतीपोटी लिहिलं जात असणार. अंगठा ठेवा : ‘कॉन्टॅक्ट मायसेल्फ’? नाही ना. ‘कॉन्टॅक्ट प्रशांत ऑर मी’. ‘मायसेल्फ’ला आधी त्याच वाक्यात ‘आय’ लागतो, ‘आय चेक्ड द फाईल मायसेल्फ’, मी स्वतः तपासली. ‘आय’ नसताना एकटा ‘मायसेल्फ’ आला की बहुधा घसरलंच समजा. कॉलवर ओळख करून देताना ‘मायसेल्फ अमुक’ म्हणायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. ‘आय ॲम’ म्हणून नाव सांगा. परदेशी माणसाला ‘मायसेल्फ’नेही अर्थ कळतो, पण पहिल्याच वाक्याला कशाला ठेच लागू द्यायची?

‘अवर टीम’ वापरायला हरकत नाही, पण लपायला नको. क्लायंटला फाईल नेमकी कुणाला पाठवायची ते कळायला हवं, नाहीतर ती ग्रुप आयडीवर जाऊन पडते आणि शुक्रवारी संध्याकाळी शोधाशोध होते.

सीनिअरचं काय करायचं? हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमचा खरा सल तोच दिसतो. सगळ्यांना उत्तर टाकून त्यांना व्याकरण शिकवू नका. त्यांनी चारचौघांत केलं ते चूक म्हणून तुम्हीही चारचौघांत करायला नको. तुमच्या नावाने जाणारा मेल तुम्ही बरोबरच लिहा. परत टोकलं तर शांतपणे एकच वाक्य बोला, ‘सर, प्रशांतचं नाव काढून वाचून बघता का?’ वाद आपोआप मिटेल, कारण ‘शेअर विथ आय’ मोठ्याने वाचून कुणी हट्ट धरत नाही. त्यांच्या नावाने जाणाऱ्या मसुद्यात मात्र त्यांना ‘आय’ हवाच असेल, तर ‘विथ बोथ ऑफ अस’ लिहून द्या. त्यात त्यांचाही मान राहतो आणि इंग्रजीही बिघडत नाही. ‘एवढं बेसिक तरी’ हे बोलणं उर्मट होतं, हे मात्र त्यांना कधीतरी एकटं गाठून सांगायला माझी ना नाही. चूक दाखवणं आणि माणसाला लाज आणणं यांतला फरक सीनिअर झालेल्याला तरी कळावा, एवढी अपेक्षा गैर नाही. आणि इथे तर चूकही त्यांचीच.

राहिलं पार्किंगचं पत्र. ‘माय हजबंड अँड आयज’ चालणार नाही. ‘आय’चा मालकी दाखवणारा शब्द ‘माय’ आहे, ‘आयज’ असा शब्दच नाही. काटेकोर रूप होतं ‘माय हजबंड्स अँड माय पार्किंग स्लॉट’. बरोबर आहे, पण वाचणारा अडखळतो; नवऱ्याचा एक आणि तुमचा एक, असे दोन स्लॉट आहेत की काय, अशीही शंका येते. त्यापेक्षा वाक्य फिरवा : ‘द पार्किंग स्लॉट बिलाँग्स टू माय हजबंड अँड मी.’ नाहीतर सरळ ‘अवर पार्किंग स्लॉट’. पत्र सगळ्या रहिवाशांच्या वतीने असेल तर सुरुवात ‘वुई रेसिडेंट्स रिक्वेस्ट’ अशी, आणि खाली टँकरच्या पाण्याचं गाऱ्हाणं घालणार असाल (घोडबंदरला ते असणारच) तर ‘इट इज डिफिकल्ट फॉर अस रेसिडेंट्स’ अशी. इथे ‘रेसिडेंट्स’वर अंगठा ठेवायचा.

खरं तर कमिटीला हे पत्र इंग्रजीत द्यायची गरज काय, हे मला कळलेलं नाही. मराठीत लिहा, ‘आमचं पार्किंग’ म्हणा, खाली दोघांनी सह्या करा आणि अलॉटमेंट लेटरची झेरॉक्स जोडा. पोच घ्यायला विसरू नका.